लाल रिबनचा आठवडा

आफ्रिकेत काय केलंत, असं बुऱ्हाणपुरात कोणी विचारलं की मी सांगतो, केळी केली. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला सिंह पाहिजे असतो. तापीकाठी जन्मलेल्या माणसानं केळी करायला समुद्र कशाला ओलांडायचा, असं त्याला वाटतं आणि ते बरोबरच आहे. सिंह मला दिसला नाही. एक निवडणूक मात्र दिसली, आणि तीही कोणाच्या सभेत जाऊन पाहिली नाही. तीच चालत माझ्या बागेत आली.

मी मूळ जसोंडीचा. घरी थोडी केळी होती, पण माझी नोकरी दुसऱ्यांच्या केळीवर झाली. आधी रोपं विकणाऱ्या कंपनीत बांधाबांधावर फिरणारा सुपरवायझर, आणि पन्नाशीनंतर पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात एका मोठ्या बागेचा मॅनेजर. देशाचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात आणि भाग इतका लहान आहे की नाव घेतलं तर कोण कोण ते लगेच कळेल.

पुढचं समजायला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. केळी हिरवी असतानाच कापतात. किती हिरवी, यातच सगळं आलं. लवकर कापली तर बोटं, म्हणजे घडातली एकेक केळी, बारीक राहतात, उशिरा कापली तर वाटेतच पिकतात. आणि एक पिकलेला घड शेजारच्यांनाही पिकवतो, त्यातून निघणाऱ्या वायूनं. कंटेनरमध्ये एक म्हातारा घड शिरला की परदेशातल्या बंदरावर दार उघडणाऱ्याला नाक दाबून उभं राहावं लागतं. म्हणून प्रत्येक घडाचं वय माहीत पाहिजे. मग काय करायचं, ज्या आठवड्यात घड निसवतो, म्हणजे खोडातून बाहेर पडतो, त्या आठवड्याच्या रंगाची रिबन त्याच्या दांड्याला बांधायची. या आठवड्यात पिवळी, पुढच्या आठवड्यात निळी. अकराव्या आठवड्यात कापणाऱ्याला एवढंच सांगायचं, आज पिवळे काप. त्याला अक्षर ओळखता येत नसलं तरी काम चालतं.

हा शोध माझा नाही, जगभर करतात. पण आमच्या भागात पायपीट करून तो मी शिकवला, याचा मला अजून थोडा माज आहे. बहादरपूरच्या एका शेतकऱ्यानं तेव्हा काळी रिबन बांधू दिली नव्हती. म्हणाला, "साहेब, बाकी तुमची टेक्निक एकदम बढिया. पण काळी रिबीन नको. माय सकाळी बागेत येते, तिला वाटते कोणी करणी केली." मी त्याला अर्धा तास शास्त्र सांगितलं. मग त्याची माय आली. मग मी माझ्या बारा रंगांतून काळा काढून टाकला आणि पुढची सगळी नोकरी अकरा रंगांवर केली. रंग म्हणजे नुसता रंग नसतो, हे मला त्या माऊलीनं फुकट शिकवलं होतं. मी शिकलो नाही.

तिकडच्या बागेत घडांना पिशव्या घालायचं आणि रिबन बांधायचं काम बायकांकडे होतं. त्यांची मुकादम आमिनाता. माझ्याच वयाची, उंच, शिडीवर चढली तरी डोक्याचा रुमाल ढळायचा नाही. ती मला 'मिस्टर मुरली' म्हणायची आणि मी तिला 'आंटी'. मान असलेल्या बाईला तिथं सगळे तसंच म्हणतात. तिची भाषा इंग्रजीची मावसबहीण होती. मी इथं ती माझ्या मराठीत लिहितो, कारण मला ती तशीच ऐकू यायची.

त्या वर्षी तिथं राष्ट्राध्यक्षाची आणि पार्लमेंटची निवडणूक एकाच दिवशी होती. मतदाराला दोन कागद मिळणार, एक देशाच्या प्रमुखासाठी, एक आपल्या भागाच्या खासदारासाठी. सत्तेतल्या पक्षाचा रंग हिरवा, विरोधकांचा लाल. झेंडे आपल्याकडेही लागतात, पण तिथं रंग माणसाच्या अंगात शिरतो. टोप्या, झगे, मोटरसायकलच्या सीटा. एकानं आपला बोकड रंगवला होता आणि बोकडाला ते मान्य नसावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

आमच्या बागेचा रस्त्याकडचा प्लॉट टिश्यूकल्चरच्या रोपांचा. अशी रोपं एकदम लावली की जवळजवळ एकदमच निसवतात. मोठा देखणा प्लॉट होता, मी तो पाहुण्यांना दाखवायचो. तो ज्या आठवड्यात निसवला तो आठवडा लाल रिबनचा होता. मतदानाला पाच आठवडे उरले असताना रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं ते असं, अर्धा मैल, झाडामागून झाड, सगळं लाल.

एका सकाळी हिरव्या पक्षाचा स्थानिक चेअरमन आला. भारदस्त माणूस, आवाज मऊ. मी त्याला खुर्ची दिली, केळी दिली. केळी त्यानं खाल्ली.

"मिस्टर मुरली, तुम्ही पाहुणे आहात," तो म्हणाला. "पाहुण्यानं घरातल्या भांडणात पडू नये."

"मी कुठं पडलो?"

त्यानं खिडकीतून प्लॉटकडे बोट केलं. मी त्याला रिबनचं सगळं शास्त्र समजावलं, निसवणं, अकरा आठवडे, वायू, कंटेनर. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मला समजलं. मी शिकलेला माणूस आहे. पण मतदार आठवडे बघत नाही, रंग बघतो. शुक्रवारपर्यंत काढा."

मी राजधानीत मालकांना फोन केला. आमचे मालक मूळचे आपल्याकडचेच, तीन पिढ्यांपासून तिकडे. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. ते म्हणाले, "काढून टाका हो त्या रिबिनी. केळीला कळतं का, गळ्यात काय बांधलंय?"

"केळीला नाही कळत शेठ, कापणाऱ्याला कळतं."

"मग तुम्ही मॅनेजर कशाला आहात?"

हा प्रश्न शेठ वर्षातून चार-पाच वेळा विचारायचे. त्याचं उत्तर त्यांना नको असायचं.

आमिनातानं तोड काढली. म्हणाली, "लाल काढू नको, त्याच्यासोबत हिरवी पण बांध. दोघंही खूष." मला हे फार पटलं. दोन दिवस बायका शिड्या घेऊन फिरल्या. तिसऱ्या दिवशी लाल पक्षाचे मास्तर आले. शाळेत गणित शिकवणारे, चष्मा, काखेत छत्री. त्यांनी खुर्चीही घेतली नाही आणि केळीही.

"आमच्या डोक्यावर त्यांना चढवलंत?"

"नाही हो मास्तर, दोन्ही बरोबरीनं बांधलेत."

"बरोबरीनं? मग हिरवी वर आणि लाल खाली का?"

खरंच तसं होतं. लाल आधीपासून बांधलेली, दांड्याला वरच जागा उरली होती. हे मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या देशात गेली कित्येक वर्षं नेमकं हेच कारण सांगतात."

मी आमिनाताला विचारलं, "आंटी, पांढरा तरी कोणाचा नाही ना?"

"आहे. तिसरा एक उभा आहे, म्हातारा डॉक्टर."

"त्याला कोणी मत देतं?"

"नाही. पण पांढरा त्याचाच आहे."

दरम्यान माझ्या कामगारांनीच प्रश्न हातात घेतला. एके दिवशी कामावर आलो तर दोन ओळींतल्या लाल रिबनी गायब, नुसत्या हिरव्या. पलीकडच्या दोन ओळींत कोणी उलटं केलेलं. हिरवी हाही माझा एक आठवडाच होता, आणि कोवळा. म्हणजे त्या चार ओळींत आता कोणता घड कापायचा आणि कोणता ठेवायचा हे देवालाच ठाऊक. मी ओरडत असतानाच माझ्या दोन कापणाऱ्यांची जुंपली. दोघं साडू, शेजारी शेजारी राहणारे. एकानं केळीचा दांडा उचलला आणि दुसऱ्याच्या कपाळावर हाणला. तीन टाके पडले. घरी फोनवर बायकोला, सुमनला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "मताच्या पायी डोकं फोडतात म्हणजे त्यांना मताची कदर तरी आहे. तुम्ही इकडं कितीदा टाकलं, ते सांगा बरं."

इकडच्या प्रत्येक मतदानाला मी कोणत्या ना कोणत्या बांधावर होतो. निदान मी तसं सांगायचो.

टाके पडले त्या दुपारी आमिनाता सुताचा गुंडा घेऊन ऑफिसात आली. साधं मळकट सूत, पोती शिवायचं. टेबलावर तिनं एक तुकडा ठेवला आणि त्याला गाठी मारल्या. एक मोठी गाठ म्हणजे पाच, लहान गाठ म्हणजे एक. मोठी आणि दोन लहान, म्हणजे सातवा आठवडा, सातव्या रंगाच्या जागी.

"गाठीला रंग नसतो," ती म्हणाली. "आमच्याकडे पोरींना दिवस मोजायला आया अशाच शिकवतात. दांड्याला बांधू, पिशवीच्या आत. बाहेरून काही दिसणार नाही."

मी तो तुकडा हातात घेऊन बघत राहिलो. कृषी पदविका, एवढ्या वर्षांची नोकरी, आणि हे मला सुचलं नव्हतं. सगळ्या बागेतल्या सगळ्या रिबनी काढल्या, अकराच्या अकरा रंग. बायकांनी आपापल्या भागातले घड गाठींवर आणले. फोडाफोडी झालेल्या चार ओळीसुद्धा आमिनातानं केळ्यांची जाडी आणि कडांची धार बघून, एकेका घडाशी थांबून, पुन्हा वयावर बसवल्या. चेअरमन येऊन बघून गेला, मास्तर बघून गेले. दोघांनाही बाग आता आपल्या बाजूची वाटली.

इथवरची हकीकत मी लग्नाकार्यात बरेचदा सांगितली आहे. लोक हसतात. पुढचं सांगत नाही.

जहाजाची तारीख मतदानाच्या दोन दिवस नंतर होती. म्हणजे रस्त्याकडचा प्लॉट मतदानाच्या दिवशीच कापायला लागणार. सरकारी सुट्टी होती. शेठ म्हणाले, "अर्धा दिवस काम घ्या. मतदान पाचपर्यंत आहे, कुठं पळून जातंय?" कामगार बहुतेक जवळपासचे होते, सकाळी मत देऊन आठपर्यंत येतो म्हणाले. आमिनाताचं नाव मात्र तिच्या माहेरच्या गावी होतं, नऊ मैलांवर. आणि त्या दिवशी गाड्यांना बंदी. मतदानाच्या दिवशी रस्त्यावर पोलिसांशिवाय कोणाचं वाहन नको, असा तिथला नियम. चालतच जायचं.

"मी सकाळीच निघते," ती म्हणाली.

"आंटी, तुझ्याशिवाय गाठी कोण वाचणार?"

हे खोटं नव्हतं. कापणारे पुरुष रंगावर वाढलेले. गाठी शिकायला त्यांनी चक्क नकार दिला होता, ते बायकांचं काम म्हणून. पिशवीत न बघता चाचपून वाचायची तर प्रत्येकीची गाठ वेगळी; इतर भागांच्या गाठी त्या त्या बायकांना येत होत्या, पण रस्त्याकडचा प्लॉट तिचा होता. तिनं पुढं चालायचं, पिशवीत हात घालून सूत चाचपायचं आणि म्हणायचं, काप, किंवा, राहू दे. तिच्या मागं कापणारे.

"बारा वाजता सोडतो," मी म्हणालो. "शब्द."

तिनं बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "ठीक आहे."

बारा वाजले तेव्हा सहा ओळी बाकी होत्या. मी म्हणालो, अजून एक ओळ. एक वाजता म्हणालो, अजून एक. तिनं एकदाच सूर्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत होतो, पण ते जहाजाचं घड्याळ होतं. शेवटचा घड पडला तेव्हा अडीच झाले होते. तिनं हात धुतले, रुमाल नीट केला आणि निघाली. मी मागून ओरडलो, "आंटी, पाचपर्यंत आहे!" ती वळली नाही. नऊ मैलांना तीन तास लागतात, हा हिशोब मला येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर कामावर हजर.

"मत दिलं?"

"गेट बंद झालं होतं. आत रांगेत होते त्यांना देऊ दिलं. पोलीस चांगला होता, त्यानं मला प्यायला पाणी दिलं."

एवढं बोलून ती शिडी उचलून गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि जहाज? निकाल लागेपर्यंत गडबड नको म्हणून बंदर बंद ठेवलं. जहाज बाहेरच उभं राहिलं. थंड कंटेनरला बंदरावर वीज जोडावी लागते, ती जोडणारी माणसं घरी रेडिओला कान लावून बसलेली. आठवड्यानं दार उघडलं तेव्हा माझ्या बागेतली अचूक वयाची, एकही म्हातारा घड नसलेली केळी सारखीच पिवळी झाली होती. सगळी फेकली. शेठ फोनवर म्हणाले, "नशीब." मला वेगळाच शब्द सुचत होता, पण तो मला स्वतःला लागू होता.

त्यानंतर मी आमिनाताला विचारलं, कोणाला देणार होतीस? तिथं हा प्रश्न विचारत नाहीत. पण तिनं सांगितलं.

"अध्यक्ष कोणीही होवो, मला त्याचं काही नाही. माझं मत त्या दुसऱ्या कागदावर होतं. आमच्या गावची नर्स आहे, हावा. माझ्या दोन्ही लेकी तिच्या हातानं जन्मल्या. पार्लमेंटला उभी होती, ना लाल ना हिरवी. सरकारी दवाखान्याची नोकरी सोडून."

"निवडून आली?"

"येणार नव्हतीच. पण आमच्या गावच्या पेटीत आपल्याला किती पडतात, ते ती बोटांवर मोजून बसली होती. मी तिला सांगितलं होतं, माझं एक धर. आता तिला वाटत असेल, आमिनातानं हिरव्यांची टोपी घेतली."

राष्ट्राध्यक्षपदाला कोणालाच पुरेशी मतं पडली नाहीत. मग तिथल्या नियमाप्रमाणे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, दुसरी फेरी. पण या वेळी एकच कागद, अध्यक्षाचा. पार्लमेंटचं झालं ते झालं, तो कागद पाच वर्षांनी. मी शेठना कळवलं की त्या दिवशी बाग पूर्ण बंद राहील.

"कोणाला विचारून?"

"आमिनाताला."

त्यांनी फोन ठेवला. माझा करार पुढं वाढला नाही, त्याची सुरुवात बहुधा तिथंच झाली. आमिनाताला मी म्हणालो, मी तुझ्यासोबत येतो. ती म्हणाली, "कशाला? तुला मत नाही." मी म्हणालो, येतो.

सकाळी सहाला निघालो. रस्त्यावर एक वाहन नाही, नुसती माणसं, म्हाताऱ्या बायका, पाठीला पोरं बांधलेल्या आया, सणाचे कपडे घातलेले. मीही कामाचे गमबूट सोडून चांगले चामडी बूट घातले होते, जवळजवळ नवे. तिसऱ्या मैलावर मला चूक कळली. पाचव्या मैलावर पोलिसांनी अडवलं.

"कुठं निघालात?"

"मत द्यायला."

"तुम्ही?"

"मी नाही, या."

"मग तुम्ही कशाला?"

आमिनाता माझ्याकडे बघत उभी राहिली. तिलाही ऐकायचं असावं. मी खाली बुटांकडे बघितलं. शेवटी तीच पोलिसाला म्हणाली, "हा माझा उशीर आहे. या वेळी सोबत घेऊन आले, म्हणजे मागून यायला नको." पोलीस हसला, जा म्हणाला.

गावात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. शाळेपुढे रांग होती. आमिनाता रांगेत उभी राहिली आणि मी आंब्याखाली बूट काढून बसलो. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, मोज्यांना रक्त लागलेलं. तासाभरानं ती बाहेर आली. बोटाला शाई, चेहरा कोरा.

"कोणाला दिलं?" मी विचारलं.

"कागदावर जो आधी दिसला त्याला," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. "चल."

शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती, हावाचा आताचा दवाखाना, बाहेर बाकडं. आत पन्नाशीची एक ठेंगणी बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आमिनाता त्यांच्या भाषेत बोलायला लागली, भरभर, बराच वेळ. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मध्ये तिनं पिशवीत हात घालून सूत चाचपल्याची खूण केली. मध्ये सूर्याकडे बोट दाखवलं. मध्ये माझ्याकडे. हावा ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं आमिनाताचा हात धरला तो सोडलाच नाही. मग दोघी एकदम हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी विचारलं, "काय म्हणालीस तिला?"

"म्हणाले, हाच तो माणूस. तुझं एक मत यानंच खाल्लं."

हावानं मला बाकड्यावर बसवलं. माझी टाच आपल्या गुडघ्यावर घेतली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जखम नीट निरखून पाहिली. मग टिंक्चरची बाटली उघडत स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "अस्सं. मग याला जरा जास्तच लावू."

आणि लावलं.